पंपाचा पहारेकरी

पूर्वी लग्नाच्या मुहूर्ताची वेळ घटिकापात्राने साधीत असत, हे तुमच्यापैकी बहुतेकांनी वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले असेल. पाण्याने भरलेले घंगाळ, त्यात तरंगत सोडलेली तांब्याची वाटी आणि त्या वाटीच्या तळाला एक बारीक छिद्र. छिद्रातून पाणी हळूहळू आत येई आणि चोवीस मिनिटांनी, म्हणजे एका घटकेने, वाटी बुडे. शेजारी बसलेला माणूस घटका मोजी, वाटी उपसून रिकामी करी आणि पुन्हा पाण्यावर सोडी. नीट पाहिले तर घटिकापात्र म्हणजे एक गळकी होडीच होय. ह्या होडीचा सारा व्यवहार तिच्याशेजारी जागत बसलेल्या माणसावर अवलंबून असे. त्याला डुलकी लागली की मुहूर्त गेला.

आज आम्हांला बोलायचे आहे ते त्या जागत्या माणसाच्या जागी आलेल्या एका लहानशा वस्तूविषयी. होडीच्या तळात, कारखान्याच्या खड्ड्यात किंवा तुमच्या इमारतीच्या तळघरात पाणी साचू लागले की पंप आपोआप चालू करणारा आणि पाणी उतरले की तो बंद करणारा जो स्विच असतो, त्याला वायरमन लोक फ्लोट म्हणतात. काही शे रुपयांची वस्तू. पण पावसाळ्याच्या रात्री सारा भरवसा तिच्यावर असतो.

कामगार संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने स्विचावर व्याख्यान का द्यावे, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. आम्ही इंजिनियर नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकाशी, वाचनालयात आणि घरगुती चौकशीच्या खोलीत. घरगुती चौकशी म्हणजे कामगारावर आरोप ठेवून मालक जी खातेनिहाय चौकशी करतो ती. ह्या स्विचाची ओळख आम्हांला अशाच एका चौकशीत झाली. ती हकिगत पुढे येईलच. त्याआधी आपल्या गावांविषयी थोडे सांगितले पाहिजे.

उल्हास नदी राजमाचीच्या परिसरातल्या डोंगरांतून निघते आणि कर्जत, नेरळ, वांगणी करीत बदलापुरास येते. वालधुनी अंबरनाथच्या शिवमंदिराला लागून वाहते आणि उल्हासनगरच्या वस्तीतून कल्याणकडे जाते. ह्या दोन पाण्यांच्या आसऱ्याने आपली तिन्ही गावे वाढली. महायुद्धाच्या काळातील लष्करी छावणीच्या बराकींत सिंधी निर्वासितांनी संसार मांडले आणि 1949 साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. अंबरनाथला कारखाने आले. बदलापूरच्या शेतांत इमारती उभ्या राहिल्या. पाण्याने पूर्वी जिथे पसरायचे तिथे आपण राहू लागलो. पाण्याला दुसरी जागा नाही; ते आपल्याच दाराशी येणार.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. हा आकडा आपण सर्वांनी ऐकला आहे, पण त्याचा अर्थ फारसा कोणी सांगत नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर त्याचे बरोबर एक लिटर पाणी होते. म्हणजे त्या दिवशी तिथल्या प्रत्येक चौरस मीटरावर 944 लिटर पाणी ओतले गेले. आपल्या भागातही त्या दिवशी नद्यांनी पात्र सोडले. पुढे 27 जुलै 2019 रोजी कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. आगगाडीच्या प्रवाशांना होडीतून न्यावे लागते, असा हा आपला मुलूख. तेव्हा होडीवाल्यांचे शास्त्र आपण शिकून घेतले तर ते वाया जाणार नाही.

आता ती चौकशीची हकिगत. साल 2007, पावसाळा. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील एक मध्यम कारखाना. त्याचे नाव घेण्याचे कारण नाही. कच्च्या मालाचे गोदाम जमिनीच्या पातळीखाली होते. गोदामाच्या कोपऱ्यात पाणी साचण्यासाठी खड्डा, त्यात दोन हॉर्सपॉवरचा पंप आणि पंपाला फ्लोट. रात्रपाळीला एक तरुण हेल्पर होता. त्याने अकरा वाजता रजिस्टरात लिहिले, ‘पंप ऑटोवर’, आणि सही केली. दोन वाजता गोदामात गुडघाभर पाणी! माल भिजला. सकाळी हेल्परला निलंबनाचा कागद मिळाला. आरोप असा, की कामात हयगय केली आणि कंपनीचे नुकसान केले.

आम्ही त्याच्या बाजूने चौकशीत बसलो. पोरगा म्हणत होता, ‘साहेब, स्विच ऑटोवर होता, मी काय करू?’ चौकशी अधिकारी म्हणत होते, ‘ऑटोवर होता तर पंप चालू का झाला नाही?’ प्रश्न रास्त होता. आम्ही म्हणालो, ‘तो स्विच इथे टेबलावर आणा.’ तो भंगाराच्या पेटीत पडलेला होता. आणला. आमच्याबरोबर निवृत्त झालेले एक जुने वायरमन होते. आम्ही त्यांना काका म्हणत असू. काकांनी चष्मा लावला, स्विचावरची अक्षरे फडक्याने पुसली आणि म्हणाले, ‘लिहून घ्या. दहा, आणि कंसात चार.’

‘कंसात चार म्हणजे काय?’ अधिकाऱ्यांनी विचारले.

काकांनी जे सांगितले ते त्या खोलीत बसलेल्या एकालाही ठाऊक नव्हते, आणि आम्हांलाही नव्हते. स्विचावर अँपिअरचे दोन आकडे असतात. कंसाबाहेरचा आकडा शेगडी, हीटर अशा सरळ भारासाठी. कंसातला आकडा मोटरीसाठी. मोटर ही वीज घेण्याच्या बाबतीत फार हावरी असते. चालू होताना ती आपल्या नेहमीच्या भुकेच्या पाच-सहा पट वीज क्षणभर ओढते. बंद करताना तिच्या गुंडाळ्यांतला प्रवाह एकदम थांबावयास तयार नसतो, आणि स्विचाच्या दोन टोकांमध्ये ठिणगी उडते. प्रत्येक ठिणगी धातूचा थोडा थोडा घास घेते. म्हणून जो स्विच शेगडीसाठी दहा अँपिअर पेलतो, तो मोटरीसाठी चारच पेलतो.

मग काकांनी मोटरीवरची पट्टी वाचून दाखविली : अकरा अँपिअर. म्हणजे बाहेरचा आकडाही अपुरा, आणि आतला तर तिपटीने अपुरा. आम्ही करवतीने तो फ्लोट सर्वांसमक्ष कापला. आतली दोन टोके कोळशासारखी काळी पडलेली होती. पाणी चढले होते, फ्लोट उचलला गेला होता, आतला गोळाही घरंगळला होता. पण जळलेल्या टोकांतून वीज जाईना. खरेदी खात्याने सर्वांत स्वस्त भावपत्रक पाहून तो स्विच घेतला होता. कंसातला आकडा कोणी वाचलाच नव्हता.

पोरगा कामावर आला. निलंबनाच्या काळातला पगार त्याला अर्धाच मिळाला. तो पुरा मिळावयास हवा होता. पण त्या दिवसापासून आम्ही एक सवय लावून घेतली : यंत्राने काम केले नाही आणि माणसावर आरोप आला, की आधी यंत्र टेबलावर मागवावयाचे.

ह्या निमित्ताने आम्ही वाचू लागलो, विचारू लागलो, आणि कळले की ही कल्पना फार जुनी आहे. अलेक्झांड्रियात इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात क्टेसिबिअस नावाच्या कारागिराने पाण्याच्या घड्याळात तरंगत्या फ्लोटचा उपयोग केला होता. पाणी चढले की फ्लोट चढे आणि येणारी धार कमी होई. तुमच्या संडासाच्या टाकीतला चेंडू आजही हेच करतो. आपल्या बारवी धरणाचे दरवाजेही स्वयंचलित आहेत. पाणी ठराविक पातळीला आले की ते उघडतात. लहान असो वा मोठे, तत्त्व एकच : पाण्यानेच आपल्या पातळीची वर्दी द्यावयाची.

ही वर्दी देणाऱ्या पहारेकऱ्यांचे प्रकार मुख्यतः चार-पाच आहेत. पहिला, वायरीला टांगलेला फ्लोट. लांबट, पोकळ, प्लास्टिकचा. पाणी चढले की तो तिरपा होतो, आतला पोलादी गोळा घरंगळतो आणि लहान स्विच दाबला जातो. गढूळ पाण्यासाठी हा सर्वांत उपयोगी, कारण तो मोठा असतो आणि थोड्याशा घाणीने अडत नाही. मात्र त्याला हलावयास जागा लागते. अरुंद खड्ड्यात तो शिडीच्या पायरीखाली, पाइपामागे किंवा पंपाच्याच दोरीत अडकतो. फ्लोट बिघडला म्हणून जितक्या तक्रारी येतात, त्यांतील कित्येकांत तो नुसता अडकलेला असतो.

दुसरा प्रकार ह्याचाच, पण आत गोळ्याऐवजी पारा. पाऱ्याची टोके झिजत नाहीत, म्हणून हा वर्षानुवर्षे टिके आणि बोटीवाल्यांचा तो आवडता होता. परंतु फुटला तर पारा पाण्यात जातो. जपानमध्ये मिनामाता येथे कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्याने मासे विषारी झाले आणि ते खाणारी माणसे व त्यांची पोटातली मुले आयुष्यभराची पंगू झाली. त्या गावाच्या नावाने 2013 साली आंतरराष्ट्रीय करार झाला, 2017 साली तो अमलात आला आणि 2018 साली भारताने त्याला मान्यता दिली. पाऱ्याच्या बहुतेक स्विचांचे उत्पादन व आयात-निर्यात 2020 नंतर बंद करावी असे त्यात ठरले. तेव्हा जुन्या खड्ड्यात असा फ्लोट सापडला तर तो फोडू नका, भंगारवाल्याला देऊ नका. घातक कचरा घेणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडे तो जपून सोपवा. भंगारवाल्याचे पोरही कोणाचे तरी पोरच असते.

तिसरा, उभ्या दांडीवर वरखाली सरकणारा लहान फ्लोट. त्यात लोहचुंबक असते आणि दांडीत चुंबकाने जुळणारी दोन बारीक टोके. स्वच्छ पाण्यात उत्तम, पण दांडीवर गाळ बसला की फ्लोट चिकटतो. त्याची टोके नाजूक असतात. मोटरीचा भार त्यांवर मुळीच टाकू नये. चौथा, धातूच्या कांड्यांचा. पाण्यातून थोडी वीज जाते, ह्या गुणावर तो चालतो. हलणारा भाग नाही, म्हणून अडकण्याची भीती नाही. गच्चीवरच्या टाकीला हा चांगला. पण कांड्यांवर तेलाचा थर बसला तर पाणी असून त्याला दिसत नाही, आणि ओला गाळ किंवा शेवाळ चिकटून राहिले तर पाणी नसून त्याला पाणी असल्याचा भास होतो. तेल, रंग आणि रसायने ज्या खड्ड्यात येतात त्या कारखान्यांत आम्ही ह्याची शिफारस करणार नाही. पाचवा, इलेक्ट्रॉनिक. बोटींवर तो हल्ली पुष्कळ दिसतो. काहींत भिंतीआडून पाणी ओळखणारा डोळा असतो, तर काही पंप दर दोन-तीन मिनिटांनी क्षणभर स्वतःच फिरून पाहतात, पाण्याचा भार लागला तर चालू राहतात, नाही लागला तर थांबतात.

आता होडीवाल्यांकडून शिकण्यासारखे काय ते पाहू. कल्याणची खाडी आपल्या उशाला आहे. शिवाजी महाराजांनी ह्याच खाडीत गलबते बांधविली. होडी कितीही चांगली असली तरी तिच्या तळात पाणी येतेच : लाटांचे, पावसाचे, सांध्यांतून झिरपलेले. पूर्वी ते डब्याने उपसत. आता लहान पंप असतो. नांगरलेल्या होडीवर रात्री कोणी नसते आणि विजेचा खांबही नसतो. असते ती बारा व्होल्टची बॅटरी. म्हणून होडीवाल्यांनी अनुभवाने काही नियम केले.

पहिला नियम : पंपाच्या आपोआप चालणाऱ्या स्विचाची तार होडीच्या मुख्य स्विचामागून घ्यावयाची नाही, ती स्वतंत्र फ्यूज लावून थेट बॅटरीला जोडावयाची. मालकाने जाताना मुख्य स्विच बंद केला तरी पहारेकरी जागा राहिला पाहिजे. आपल्या इमारतींत नेमके उलटे असते. तळघरातल्या दिव्यांचा आणि खड्ड्यातल्या पंपाचा स्विच एकच. रखवालदार वीज वाचविण्यासाठी तो बंद करून झोपतो.

दुसरा नियम : तीन जागांचा चाप. एका जागी ‘आपोआप’, मध्ये ‘बंद’, दुसऱ्या जागी ‘हाताने चालू’. फ्लोट मेला तरी माणसाला खड्ड्यात न उतरता पंप चालविता आला पाहिजे. ह्या नियमाचे महत्त्व पुढे सांगू.

तिसरा नियम : पंपाच्या फ्लोटच्या वर एक दुसरा फ्लोट, त्याला भोंगा, आणि भोंग्याला निराळी वीज. पहिला पहारेकरी झोपला तर दुसऱ्याने ओरडले पाहिजे. आमच्या मते आजच्या व्याख्यानातून एकच गोष्ट घरी न्यावयाची असेल तर ती ही. बदलापूरला उल्हास नदीसाठी दोन खुणा ठरविल्या आहेत : 16.50 मीटरला इशारा आणि 17.50 मीटरला धोका. नदीला दोन खुणा लागतात, मग आपल्या खड्ड्याला एकच फ्लोट कसा पुरेल? भोंग्याला बॅटरी हवी, कारण पंप बंद पडण्याचे एक मोठे कारण वीज जाणे हेच असते.

चौथा नियम नियमापेक्षा समजुतीचा आहे : पंप गळतीसाठी आहे, भगदाडासाठी नाही. पाण्याच्या पातळीखाली दोन फुटांवर दोन इंची भोक पडले तर होडीत मिनिटाला दोनशे लिटरांहून अधिक पाणी शिरते. तासाला दोन हजार लिटरांचा पंप मिनिटाला तेहतीस लिटर काढतो. तो किती धडपडणार? शिवाय पेटीवर छापलेला आकडा पाणी मुळीच वर चढवावयाचे नसताना मिळतो. पाणी जितके उंच चढवाल आणि पाइपाला जितकी वळणे द्याल तितका तो आकडा घटतो. आपल्याकडेही हेच. एक हजार चौरस मीटरांचे आवार असेल आणि तासाला शंभर मिलिमीटर पाऊस कोसळला, तर तासाला एक लाख लिटर पाणी येते. ते सारे तळघराच्या खड्ड्याकडे वळू दिले तर कोणताच घरगुती पंप पुरणार नाही. आधी उतार, गटार आणि उंबरठा ठीक करावा. राहिलेले पाणी पंपाने काढावे. आणि नदी रस्त्यावर आली म्हणजे पंपाने बाहेर टाकलेले पाणीच फिरून आत येते. तेव्हा पंपाचा हट्ट सोडून वीज तोडावी आणि माणसे वर न्यावीत.

आता प्रत्यक्ष निवड. दुकानात जाताना काय विचारावे ते क्रमाने सांगतो.

प्रथम, मोटरीची पट्टी वाचा आणि स्विचाच्या कंसातला आकडा वाचा. कंसातला आकडा मोटरीच्या अँपिअरांहून मोठा हवा. एक हॉर्सपॉवरच्या पुढे गेलात तर मोटरीचा भार फ्लोटवर टाकूच नका. मध्ये काँटॅक्टर बसवा. काँटॅक्टर म्हणजे हुकूम घेणारा दणकट स्विच : फ्लोटने नुसता हुकूम द्यावयाचा, जड दार उघडावयाचे ते काँटॅक्टरने. हुकुमाला फार थोडी वीज लागते, म्हणून फ्लोट वर्षानुवर्षे टिकतो. हा हुकूम चोवीस व्होल्टांवर ठेवता आला तर अधिक चांगले. खड्ड्यातली वायर सोलली गेली तरी माणूस वाचतो.

दुसरे, चालू होण्याची आणि बंद होण्याची पातळी यांत पुरेसे अंतर ठेवा. हिशेबाने सांगतो. खड्डा एक मीटर लांब, एक मीटर रुंद. मिनिटाला 50 लिटर पाणी येते, पंप 200 लिटर काढतो. अंतर दहा सेंटिमीटर ठेवले, म्हणजे शंभर लिटर. खड्डा दोन मिनिटांत भरेल आणि चाळीस सेकंदांत उतरेल. म्हणजे पंप तासाला बावीस वेळा चालू होणार, आणि दर वेळी ती पाच-सहा पट वीज आणि ती ठिणगी! हेच अंतर तीस सेंटिमीटर केले तर भरावयास सहा मिनिटे, उतरावयास दोन. तासाला सात-आठच वेळा. मोटर वाचली, स्विच वाचला, रिवाइंडिंगवाल्याची फेरी वाचली. टांगत्या फ्लोटमध्ये हे अंतर वायर जिथे बांधली तिथपासून फ्लोटपर्यंतच्या लांबीने ठरते. लांबी वाढविली की अंतर वाढते. त्यासाठी पैसे पडत नाहीत.

तिसरे, वायर पाहा. स्वस्त वायर उन्हाने आणि रसायनाने कडक होते, तिला भेगा पडतात आणि भेगेतून पाणी केशनळीसारखे फ्लोटच्या पोटात शिरते. मळकट किंवा रसायनमिश्रित पाण्याला चांगल्या रबराची वायर घ्या. वायर इतकी लांब घ्या की जोड खड्ड्याच्या बाहेर, वर, कोरड्या पेटीत येईल. पट्टी गुंडाळून खड्ड्यात केलेला जोड म्हणजे माणूस मारण्याची तयारी होय.

चौथे, जोडणीचा उलटसुलटपणा. पुष्कळ फ्लोटांत तीन तारा असतात. एका जोडणीने तो टाकी भरावयास उपयोगी पडतो, दुसरीने खड्डा उपसावयास. चुकली तर खड्डा कोरडा असताना पंप फिरेल आणि भरल्यावर थांबेल! तारांचे रंग प्रत्येक कारखानदाराचे निराळे, म्हणून बसविण्याआधी बादलीत बुडवून पाहावे.

पाचवे, अर्थिंग आणि गळती ओळखणारा ब्रेकर. तीस मिलिअँपिअरचा ब्रेकर पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला वाचवितो. तो वारंवार पडतो म्हणून काढून टाकणारे लोक आम्ही पाहिले आहेत. तो पडतो कारण कुठे तरी वीज गळते आहे. गळती शोधावी, ब्रेकर काढू नये. तो पडला की पंपही थांबतो हे खरे. त्यासाठीच तो बॅटरीवरचा भोंगा.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हे व्याख्यान देण्याचे मान्य केले ती सांगतो. फ्लोट अडकला की काय होते? कोणी तरी म्हणतो, ‘अरे, जरा उतरून तो हलव.’ हा कोणी तरी वर उभा असतो. उतरणारा नेहमी दुसरा असतो. तो कंत्राटी हेल्पर असतो, सफाई कामगार असतो, इमारतीचा रखवालदार असतो. बंद खड्ड्यात सडलेल्या घाणीतून विषारी वायू निघतो. थोडा असता त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो; फार झाला की नाकच मरते आणि वास येत नाही. उतरलेला माणूस कोसळतो. त्याला काढावयास दुसरा उतरतो, मग तिसरा. आपल्या भागात हा धोका दुपटीचा आहे, कारण गटारात काय सोडले आहे ते कोणालाच ठाऊक नसते. 2014 च्या नोव्हेंबरात वालधुनीत सोडलेल्या रसायनाच्या वायूने उल्हासनगरातील शेकडो लोकांना रुग्णालयात जावे लागले, आणि ते तर उघड्या हवेत होते.

1948 च्या कारखाने अधिनियमाने छत्तिसाव्या कलमात सांगून ठेवले होते, की अशा बंद जागेत जाणाऱ्या माणसासाठी जाणकाराने तपासणी करून लेखी दाखला दिला पाहिजे, किंवा त्याला श्वासाचे साधन आणि कमरेला दोर असला पाहिजे. 2013 च्या कायद्याने मैला वाहण्याच्या कामास माणूस लावणे आणि संरक्षक साधनांवाचून त्याला गटारात उतरविणे गुन्हा ठरविला. गटारात मेलेल्या कामगाराच्या कुटुंबास दहा लाख द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली सांगितले, आणि 2023 साली ती रक्कम तीस लाख केली. कायदे बदलतात, नव्या संहिता येतात. खड्ड्यातला वायू तोच राहतो. पैसे मिळाले तरी माणूस परत येत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे, की स्विचाची खरी परीक्षा एकच : तो बिघडला तर माणसाला खड्ड्यात उतरावे लागते काय? फ्लोट वरूनच साखळीने किंवा दांडीने बाहेर ओढता आला पाहिजे. पंप वरूनच उचलता आला पाहिजे. हाताने चालू करण्याचा चाप वर, कोरड्या जागी, पुराच्या पातळीच्या वर असला पाहिजे. ही सोय नसेल तर फ्लोट कितीही महाग घ्या, तो विश्वासाचा नव्हे. आणि आपल्या सोसायटीच्या सभेत कोणी ‘उतरून हलव’ म्हणाला, तर तुम्ही उभे राहून ‘नाही’ म्हणा. त्याला फार मोठे शिक्षण लागत नाही.

शेवटी देखभालीचे दोन शब्द. मृग लागण्याआधी एकदा, आणि पावसाळ्यात दर आठवड्याला एकदा खड्ड्यात खरे पाणी ओतून पाहा. दोरीने फ्लोट उचलून पाहणे पुरेसे नाही. दोरीने उचलला जाणारा फ्लोट पाण्याने उचलला जाईलच असे नाही, कारण त्याच्या पोटात पाणी शिरले असेल तर तो जड होऊन बसतो. पाणी ओता, पंप कोणत्या पातळीला चालू झाला आणि कोणत्या पातळीला थांबला ते पाहा, भोंगा वाजवून पाहा, आणि वहीत तारीख घालून लिहा. त्या अंबरनाथच्या पोराच्या वहीत ‘पंप ऑटोवर’ एवढेच लिहिलेले होते. ‘पाणी ओतून पाहिले, पंप चालू झाला नाही, वरिष्ठांस कळविले’ असे एखाद्या सोमवारी लिहिलेले असते, तर त्याचा अर्धा पगार गेला नसता आणि कंपनीचा मालही भिजला नसता.

यंत्र आले म्हणजे माणसाचा पहारा संपला, असे पुष्कळांना वाटते. आमचा अनुभव वेगळा आहे. घटिकापात्राशेजारचा माणूस रात्रभर जागत असे. आज त्याला आठवड्यातून दहा मिनिटे जागावे लागते. येत्या रविवारी सकाळी एक बादली पाणी घ्या, आपल्या इमारतीच्या खड्ड्याशी जा आणि ते ओतून पाहा. पंप चालू झाला तर उत्तम. नाही झाला, तर कंसातला आकडा वाचा.